उसनी वाक्यं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त नातीचं आहे.

आमची नात लातूरला एमएस्सी झाली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सध्या सोयाबीनच्या वाणांवर पीएच.डी. करतेय. मध्यंतरी नांदेडला आमच्याकडे आली ती तोंड पाडूनच. प्रबंधाचा मसुदा परत आला होता. संगणकानं तपासला, तर 31 टक्के मजकूर दुसऱ्यांच्या लेखांशी जुळला. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत चालतं, 10 ते 40 मध्ये सापडलात तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 60 च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द.

"आबा, मी चोरी नाही केली हो. प्रयोग सगळे माझे. वाक्यं तेवढी त्यांची घेतली. माझं इंग्रजी वाचून लोक हसतील म्हणून."

रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हा धडा मीच शिकवत आलोय.

1973 ला मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. मराठी माध्यमाचा बीए. इंग्रजीला कुणी नाही म्हणून पाचवीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. मी काय करायचो? प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहायचं, लेकरांनी उतरवून घ्यायचं, पाठ करायचं, परीक्षेत ओतायचं. गाईवरचा निबंध चाळीस वह्यांत शब्दाला शब्द सारखा. ज्याच्या दारात गाय नव्हती, त्याचीही गाय पांढरीच! एखाद्यानं स्वतःचं मोडकंतोडकं वाक्य लिहिलं, की त्यावर माझी लाल रेघ. उसन्या वाक्याला मार्क, स्वतःच्या वाक्याला रेघ. लेकरं हुशार असतात, काय ते बरोबर समजतात.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. चांगलं झालं, पण शिकवणारे आम्हीच होतो. पुढे लातूर पॅटर्ननं सराव करून घेऊन मराठवाड्याची मुलं मेडिकल-इंजिनिअरिंगला धाडली. त्याचा मलाही अभिमान आहे. पण पर्यायावर खूण करणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या चार ओळी लिहिणं वेगळं.

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये आता संशोधनातल्या नीतिमत्तेचाही पेपर असतो. चोरी करू नका, हे त्यात सांगतात. स्वतःचं वाक्य कसं लिहावं, हे कोण सांगणार? माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी आठवड्याला एक तास फक्त लिहिण्याचा हवा, आणि चुकण्याची मुभा हवी.

कुणी म्हणेल, आता मोबाईलच इंग्रजी लिहून देतो. देतो की. व्याकरण तपासायला जरूर वापरा. पण तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक समोर बसले की उत्तर आपल्यालाच द्यायचं असतं.

नात आठ दिवस राहिली. मी म्हटलं, सगळे लेख मिटव. शेतात बापाला सांगशील तसं मला मराठीत सांग. म्हणाली, "ऑगस्टात पावसानं ओढ दिली, शेंगा भरल्या नाहीत. पण एका वाणाचा उतारा फारसा घटला नाही." म्हटलं, आता हेच इंग्रजीत लिही. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मधे. 'अ' आणि 'द' आपल्याकडे नाहीतच, ते चुकणारच. चुकू दे. दुसऱ्याचा विचार घ्यायचा असेल तर वाचायचं, कागद बाजूला ठेवायचा, आपल्या शब्दांत लिहायचं आणि त्याचं नाव द्यायचं.

पहिल्या दिवशी सात वाक्यं झाली. तिनं मोठ्यानं वाचून दाखवली. मला सोयाबीनमधलं काही कळत नाही, पण ती सातही वाक्यं कळली.

परवा तिचा फोन आला. मार्गदर्शकांनी ते पान परत दिलं, लाल रेघांनी भरलेलं. म्हटलं, कशावर आहेत रेघा?

"बहुतेक 'द' वर," म्हणाली आणि हसली.

असो. वाक्यं तिची होती.