आरोप तुमचा, पुरावाही तुम्हीच द्या



या देशात चोर दोन प्रकारचे. एक चोरी करून ठरतो, दुसरा पत्त्यावरून ठरतो. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या रांगेत उभी. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवलं. पोर पाळण्यात, नाव सरकारी रजिस्टरात. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण रजिस्टर जळलं नाही. ते आता काचेच्या इमारतीत, गार हवेत, कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन बसलंय. टाळ्या घ्यायला बोलत नाही. माझ्यावर आलंय म्हणून बोलतोय.

प्रकरण असं. एका बड्या ऑनलाइन दुकानातून मी दीड वर्षात नऊ वेळा माल मागवला. सात वेळा आला. दोनदा आला नाही. एकदा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, २,१४० रुपयांची. दुसऱ्यांदा बहिणीच्या कॉलेजसाठी मोबाइल, ११,४९९ रुपयांचा. पैसे दोन्ही वेळा आधीच मोजलेले. दोन्ही वेळा ॲपवर हिरवी खूण : माल पोचला. मी तक्रार केली. उत्तर आलं की, तुमच्या खात्यावर माल न मिळाल्याच्या संशयास्पद तक्रारी आढळल्या आहेत, सबब पैसे परत मिळणार नाहीत, खातं बंद करण्यात येत आहे, निर्णय अंतिम आहे.

नीट वाचा. चोर हा शब्द कुठं नाही. आपल्या आज्याला शिवी सरळ तोंडावर मिळायची, आपल्याला इस्त्री करून मिळते. एवढाच काय तो शंभर वर्षांतला फरक.

आता त्यांचा पुरावा बघा. पुस्तकांच्या वेळी ॲपवर फोटो टाकलाय : लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर, बाजूला पितळी पाटी, खाली पार्सल. आमच्या गल्लीत एकाही खोलीला असलं दार नाही. फळीचं दार आणि वर पडदा. मी आमच्या दाराचा फोटो काढून पाठवला. त्यावर एक अक्षर नाही. मोबाइलच्या वेळी माल दिल्याची वेळ रात्री ११ वाजून ४७ मिनिटं. ओटीपी सांगितल्याशिवाय माल द्यायचा नाही, असं ऑर्डरवर कंपनीनंच लिहिलेलं. माझ्या फोनवर ओटीपी आलाच नाही. मी विचारलं : कोणता आकडा, कुणी सांगितला, गाडी तेव्हा कुठं उभी होती? जीपीएस तुमच्या हातात आहे, दाखवा. उत्तर एकच : 'आमच्या नोंदीनुसार माल पोचला आहे.' अरे, मग दाखवा ना ती नोंद! तुमची नोंद म्हणजे काय वेद लागून गेला, की आम्ही ऐकला तर कानात शिसं ओतणार?

आणि मी काय सिद्ध करू? न आलेली वस्तू कुठून आणून दाखवू?

इथं मला चवदार तळं आठवतं. २० मार्च १९२७ सगळ्यांना पाठ आहे. भाषणात तेवढंच असतं. त्यानंतरची दहा वर्षं कुणी सांगत नाही. महाडच्या सवर्णांनी त्याच वर्षी कोर्टात दावा लावला : तळं आमचं, वहिवाट आमची, अनादि काळापासूनची. बाबासाहेब प्रतिवादी. खालच्या कोर्टापासून वरपर्यंत ते लढले. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं की, तुम्ही म्हणता ती अनादि वहिवाट तुम्हाला सिद्ध करता आलेली नाही. संपलं. पाणी ओंजळीत घेतलं एका दिवसात, पण 'आमचं म्हणणं हाच पुरावा' ही मिजास मोडायला दहा वर्षं लागली. जो म्हणतो त्यानं सिद्ध करावं, हा तिथला धडा. माल पोचला असं कंपनी म्हणते. मी लबाड आहे असंही कंपनीच म्हणते. तेव्हा दोन्हींचा पुरावा तिनंच आणायचा.

कंपनीवाले म्हणतील, खोट्या तक्रारी करणारे असतात हो. असतात. फुकट्यांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. ज्यानं खोटं केलं त्याला पुराव्यानिशी पकडा. पण त्याचा दंड माझ्या बहिणीनं का भरायचा? एकाच्या पापाचा डाग सगळ्या वस्तीला लावायची चाल फार जुनी आहे, आम्ही ती ओळखतो.

वस्तीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. छान झालं. पाटी बदलते, पिनकोड तोच राहतो. मशीनमध्ये मनुस्मृती भरलीय असा माझा आरोप नाही. माझा आरोप साधा आहे : तुम्ही गिऱ्हाइकांची विश्वासू आणि संशयित अशी वर्गवारी करता आणि ती कशावरून, हे कुणाला सांगत नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम स्पष्ट सांगतात की, एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करायचा नाही, त्यांच्या हक्कांना धक्का लागेल अशी मनमानी वर्गवारी करायची नाही. वर्ण आणि वर्गवारी यांत अक्षरांचा फरक किती, ते तुम्हीच मोजा.

मग फोनवरची बाई म्हणाली, सर, माल देणाऱ्या मुलानं घेतला असं लिहून द्या, त्याच्यावर कारवाई करतो. वा! म्हणजे चोर मी नसेन तर तो. तिसरा कुणी असूच शकत नाही. गोदाम नाही, कंत्राटदार नाही, शेठजी तर नाहीच नाही. तो पोरगा आपल्यासारख्याच खोलीतला. पाठीवर बोजा, हप्त्यावरची गाडी. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, 'भागीदार' म्हणते. भागीदार, पण नफ्यात नाही, आरोपात! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याला गिग कामगार हे नाव मिळालं, तेसुद्धा मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा म्हणून. मी लिहून दिलं नाही. पुराव्याशिवाय माझ्यावर आळ नको म्हणणारा मी, पुराव्याशिवाय त्याच्यावर कसा घेऊ?

चळवळीतला एक दोस्त म्हणाला, गावोगाव आपल्या माणसांवर अत्याचार चाललेत आणि तू मोबाइलसाठी रडतोस? दोस्ता, मोबाइल गेला तर पुन्हा घेऊ, ओव्हरटाइम करू. मी आरोपाबद्दल बोलतोय. पाणवठ्यावर बाट आणि दुकानात संशय, या एकाच झाडाच्या फांद्या आहेत. आज तेरा-साडेतेरा हजारांवर गप्प बसलो, तर उद्या हेच मशीन कर्ज नाकारेल, नोकरी नाकारेल, भाड्याची खोली नाकारेल, आणि खाली लिहील : निर्णय अंतिम आहे.

अंतिम? कुणी ठरवलं? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. संबंधित माहिती मुद्दाम दडवणं ही त्या कायद्यानं सेवेतली त्रुटीच आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात तक्रार निकाली काढायची. नाही काढली तर १९१५ वर फोन करा. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, मुदत दोन वर्षांची. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तेव्हा पोरांनो, ऑर्डरचे, फोटोंचे, उत्तरांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. खातं बंद झालं की सगळं त्यांच्या पोटात जातं. फोनवर बोललात तरी मागून तेच लिहून पाठवा. किमती मालाचं खोकं कॅमेऱ्यासमोर उघडा. आणि एकेकट्यानं कुढू नका. गल्लीत असे किती आहेत ते विचारा, एकत्र बसा, अर्ज लिहा.

माझा अर्ज गेलाय. तो गेल्यावर कंपनीनं 'सद्भावना म्हणून' निम्मे पैसे देऊ केले, अट एवढीच की तक्रार मागं घ्यायची. सद्भावना! उरलंसुरलं पदरात टाकायचं आणि वर जोहार घालून घ्यायचा. बाबासाहेबांनी आपल्याला वतनाची भाकर सोडायला सांगितली ती काय पुन्हा ॲपवर घ्यायला?

माझ्या मागण्या तीन. पूर्ण पैसे परत. खातं चालू. आणि आरोप मागं, तोही लेखी, ज्या नोंदीत लिहिला त्याच नोंदीत. तिसरी मिळणार नसेल, तर पहिल्या दोन तुमच्या गल्ल्यात ठेवा. आयोगात भेटू.

जय भीम.