कोलामी ही मराठीची बोली नव्हे



'कोलामी म्हणजे बिघडलेली मराठी' हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटणारे नाही. केळापूर तालुक्यातील कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) बोलली जाणारी ही भाषा द्राविडी कुळातील आहे. तिची जवळची नातलग नायकी ही द्राविडी भाषा, मराठी नव्हे. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1955 साली प्रसिद्ध केलेल्या कोलामीच्या व्याकरणात हे सप्रमाण मांडले आहे. तिच्यात मराठी शब्द भरपूर आहेत, हा आक्षेप खरा; पण शेजारातून शब्द येतात, त्याने भाषेचे कूळ बदलत नाही. मोजताना कोलाम तीनला 'मूंदिंग', चारला 'नालिंग' म्हणतात, यात मराठी कुठे आहे?

मोठ्या भाषेच्या शेजारात लहान भाषेचे काय होते, याबाबत जर्मनांच्या गराड्यातील स्लाव्ह वसाहतींचा इतिहास बोलका आहे. एल्बे नदीकाठची पोलाबियन ही स्लाव्ह भाषा अठराव्या शतकात संपली. पूर्व जर्मनीतील लुसाशियातले सोर्ब हे स्लाव्ह लोक मात्र आजही शाळेत सोर्बियन शिकतात आणि जर्मनही अस्खलित बोलतात. त्यामुळे कोलामी जपली तर मुले मराठीत मागे पडतील, ही भीती अनाठायी आहे. पोडावरच्या शाळेत पहिली-दुसरीला कोलामी जाणणारा शिक्षक द्यावा, ही शिक्षण विभागाला कळकळीची विनंती.

— एक वाचक, केळापूर (जि. यवतमाळ)