एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर थांबू नका

गेल्या जून महिन्यात एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या कचेरीत आले. कारखान्यात कंत्राटी मजूर; तीन वर्षांपूर्वी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतलेले. "जय भीम, वकीलसाहेब," म्हणून बसले आणि एक कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. तो मुलीचा निकाल होता. बी. कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात ती सर्व विषयांत उत्तीर्ण झाली होती. त्यांचा प्रश्न सरळ होता. "आता एका वर्षावरसुद्धा विद्यापीठाचं सर्टिफिकेट मिळतं म्हणतात. मग पुढची दोन वर्षं कशाला घालवायची? ते सर्टिफिकेट कायद्यानं चालतं की नाही, तेवढं सांगा." मुलगी खाली मान घालून बसली होती.

वाचकहो, हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा असता तर मी लेखणी उचलली नसती. परंतु अलीकडे तो मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा मुलींचे बाप असतात. म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देणे मला इष्ट वाटते.

कायद्याने चालते, हे प्रथमच सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचे शिक्षण टप्प्याटप्प्याचे केले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही पद्धत २०२४-२५ या वर्षापासून लागू झाली. पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक मिळवून आणि वर ४ श्रेयांकांचा एक कौशल्यविषयक अभ्यासक्रम पुरा करून जो बाहेर पडेल त्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, अशी ही रचना आहे. मध्येच बाहेर पडलेल्यास तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पुरी करावी लागते. ज्या घरात कर्ता माणूस एकाएकी गेला, ज्या घरात आजारपणाने सारे विकून टाकले, त्या घरातील मुलास या सवलतीने खरोखर आधार मिळेल. पूर्वी असा मुलगा शिक्षण सोडी तेव्हा त्याच्या हाती काहीच राहत नसे. आता निदान केलेल्या अभ्यासाची नोंद राहते. एवढे श्रेय या योजनेला दिलेच पाहिजे.

परंतु सवलत ही अडलेल्याची असते. ती न अडलेल्याने घेतली की त्याचे नुकसान होते. बाहेर पडण्याची वाट सर्वांना सारखीच खुली आहे असे धोरणाचा कागद म्हणतो. प्रत्यक्षात त्या वाटेने कोण जाणार याचा विचार तुम्हीच करा. ज्या घरात तीन पिढ्या वकील, डॉक्टर व पेढीवाले झाले, त्या घरातला मुलगा एका वर्षावर बाहेर पडणार नाही. त्याच्या आईबापांच्या मनात तो विचारही येणार नाही. बाहेर पडेल ती आपली मुलगी, कारण घरात धाकटे दोन भाऊ आहेत, स्थळ सांगून आले आहे, आणि आता तर हातात 'विद्यापीठाचे सर्टिफिकेट'ही आहे! पूर्वी मुलीचे शिक्षण मध्येच तोडणाऱ्या बापाला थोडी तरी लाज वाटत असे. या कागदाने ती लाजही झाकली जाईल अशी मला भीती वाटते. परत येण्यास तीन वर्षे आहेत हे खरे. परंतु लग्न होऊन गेलेली किती मुले-मुली तीन वर्षांत पुन्हा वर्गात येऊन बसलेली तुम्ही पाहिली आहेत?

त्या प्रमाणपत्रावर पुढे काय मिळते, हेही पाहू. बँकांच्या लिपिकपदाच्या सामायिक परीक्षेस बसण्यासाठी पदवी लागते. राज्यसेवेच्या परीक्षेस पदवी लागते. तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमास पदवी लागते, एम. बी. ए. साठीही लागते. म्हणजे ज्या दारांतून आपला समाज कचेरीच्या आत शिरू शकतो, त्यांपैकी बहुतेक दारांवर तीन वर्षांचे कुलूप आहे. एका वर्षाच्या किल्लीने दुकानाचा गल्ला, मॉलमधील काउंटर, फार तर एखाद्या कचेरीतील नोंदी करण्याचे काम हाती येईल. ते काम हलके नव्हे. परंतु त्यासाठी बारावीही पुरत होती.

आता मी ज्या मुद्द्यावर अधिक बोलू इच्छितो तो असा की, आपण या शिक्षणाकडे केवळ कागदासाठी पाहतो, आणि म्हणूनच एक वर्ष की तीन वर्षे असा सौदा करतो. व्यवस्थापनाचा अभ्यास म्हणजे नेमके काय, हे आपल्या घरांत फारसे ठाऊक नाही. फ्रान्समधील एका खाणकंपनीचा प्रमुख हेन्री फेयॉल याने १९१६ मध्ये मांडलेली चौदा तत्त्वे पहिल्या वर्षाची मुले घोकताना आढळतात. ती घोकणे म्हणजे अभ्यास नव्हे. अभ्यास कसा असतो ते मला त्याच मुलीने दाखविले.

तिची आई घरून जेवणाचे डबे देते. रोज ४० डबे, डब्याला ७० रुपये. शिधा, भाजी आणि तेल मिळून डब्यामागे ४४ रुपये जातात, म्हणून आपल्याला २६ रुपये सुटतात, असे ती माउली अनेक वर्षे धरून चालली होती. मुलीने पहिल्या वर्षात जमाखर्च आणि उत्पादनखर्चाचा हिशेब यांचे धडे घेतले आणि एके रविवारी घरची वही काढून बसली. गॅसचे डब्यामागे ४ रुपये निघाले. डबे पोहोचविणाऱ्या मुलाचे ८ रुपये. साबण, घासणी आणि डब्यांची झीज मिळून २ रुपये. जे गिऱ्हाईक महिना खाऊन पैसे न देता खोली सोडून गेले त्यांची बुडीत उधारी वाटून डब्यामागे ३ रुपये. हे १७ रुपये २६ मधून गेले आणि खाली राहिले ९ रुपये. म्हणजे दिवसाचे ३६० रुपये. आणि आई पहाटे चारपासून दुपारी दोनपर्यंत उभी! तासाला ३६ रुपये पडले. तिच्या श्रमाचा आकडा तर वहीत कोठेच नव्हता. नफा म्हणून जो दिसत होता ती खरे पाहता तिची मजुरीच होती, आणि तीही अपुरी.

आई दोन दिवस मुलीशी बोलली नाही, असे ती मुलगी मला सांगत होती. "काका, तिला वाटलं मी तिचं काम लहान केलं." मग डब्याचा दर ८० झाला, महिन्याचे पैसे आगाऊ घेण्याचा नियम झाला, आणि उधारीची तीन गिऱ्हाईके बंद झाली. दरवाढीमुळे आणखी पाच जण गेले. तरीही महिन्याअखेर हाती पूर्वीपेक्षा अधिक राहिले. ही विद्या एका वर्षाची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात कर, भांडवल, कर्जाचे व्याज, करार, कंपनीचा कायदा हे विषय येतात. त्यांच्याविना चाळीस डब्यांचे चारशे डबे होत नाहीत, आणि झाले तरी ते दुसऱ्याच्या नावावर होतात.

आपल्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले हे आपण नेहमी बोलतो. त्याबरोबर वहीही नाकारली गेली होती, याची आठवण आपण कमी ठेवतो. सावकाराने लिहिलेल्या आकड्याखाली अंगठा उठविणारा माणूस निरक्षर तर होताच. परंतु पुढे अक्षर आले तरी हिशेब न आल्यामुळे त्याची मुले सही करून तसेच फसत राहिली. परमपूज्य बाबासाहेब हे ओळखून होते. ते स्वतः अर्थशास्त्राचे पंडित. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला. त्यापूर्वी शेअरांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी त्यांनी मुंबईत उघडली होती, आणि सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक ओसरले व ती बंद पडली. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि १९२५ ते १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवीत असत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. त्या संस्थेचे विधी महाविद्यालय त्यानंतर, १९५६ साली निघाले. आम्ही वकील मंडळी हा क्रम सहसा सांगत नाही!

माझ्या स्वतःच्या अज्ञानाची एक हकीकत सांगण्यास हरकत नाही. वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत एका बुडालेल्या पतसंस्थेच्या ठेवीदारांचे काम माझ्याकडे आले. बहुतेक ठेवीदार आपल्याच वस्तीतले. संस्थेचा ताळेबंद माझ्या हाती होता, आणि मालमत्तेच्या बाजूची मोठी रक्कम पाहून मी युक्तिवादात ठणकावून म्हणालो की, संस्थेकडे पैसा आहे, मग ठेवी का देत नाही? विरुद्ध बाजूचे हिशेबतपासनीस गालातल्या गालात हसले. ती रक्कम 'येणे कर्जां'ची होती, आणि ती कर्जे अनेक वर्षे थकलेली होती. कायद्याची पदवी असलेला मी, आणि ताळेबंद वाचता येत नाही! पुढे एका निवृत्त हिशेबनिसाकडे सहा महिने संध्याकाळी बसून मी ते शिकलो. परंतु त्या दिवशी माझ्या अज्ञानाची किंमत मी नव्हे, त्या ठेवीदारांनी मोजली.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा, हाही प्रश्न येतो. २०२४-२५ पासून बी. बी. ए. व बी. एम. एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी राज्याची सामायिक परीक्षा सुरू झाली. तिचे अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरावे लागतात, आणि आपली मुले निकालाची वाट पाहत राहतात. साध्या बी. कॉम. ला ती परीक्षा नाही. माझे मत विचाराल तर, भपकेदार इमारतीतल्या महागड्या बी. बी. ए. पेक्षा अनुदानित महाविद्यालयातले साधे बी. कॉम. आपल्या मुलांना अनेकदा अधिक उपयोगी पडेल. टाय बांधून घेतलेल्या छायाचित्रावर जाऊ नका.

आणि जेथे पदवीचे आश्वासन मिळेल तेथे एकच प्रश्न विचारा: कागदावर कोणत्या विद्यापीठाचे नाव छापले जाईल? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या २२ व्या कलमान्वये पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेसच आहे. आमच्या वस्तीतील एका मुलाच्या बापाने अशाच एका खाजगी संस्थेत कर्ज काढून दीड लाख रुपये भरले. हाती आले ते त्या संस्थेचेच, सोनेरी कडांचे प्रशस्तिपत्र. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता, म्हणजे त्याची सही कायद्याने करार म्हणून टिकत नव्हती. परंतु कर्जाच्या कागदावर सही बापाची होती, आणि ती पूर्णपणे टिकली.

शिष्यवृत्तीविषयी नवदीक्षित कुटुंबांत एक गैरसमज आहे, तो त्या गृहस्थांच्याही मनात होता: दीक्षा घेतली म्हणून सवलत गेली. तसे नाही. महाराष्ट्राने १९६० सालीच नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, आणि १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला. परंतु धर्मांतरापूर्वीची जात कागदाने सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची जुनी नोंद, जमिनीचा उतारा, जे असेल ते मूल अकरावीत असतानाच शोधू लागा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या नियमांत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये होती. अर्ज करताना त्या वर्षीची मर्यादा पाहून घ्या. आणि व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हे कोणी दलाल तुम्हांला आपण होऊन सांगणार नाही.

हे सर्व मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले व विचारले, "आणि मी नाही म्हटलं तर?" मी म्हणालो, "भाऊ, मुलगी अठरा वर्षांची झाली आहे. दुसऱ्या वर्षाच्या अर्जावर तिची स्वतःची सही पुरते." ते म्हणाले, "सही पुरेल. पण फी?" शिष्यवृत्तीचे पैसे हाती येण्यास उशीर होतो आणि महाविद्यालय थांबत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा बोलली. आईने दरवाढीनंतर डब्याच्या वहीत एक वेगळे खाते घातले होते, आणि त्यात पहिल्या हप्त्याइतके पैसे होते. बापाला ते ठाऊक नव्हते. त्यांनी वही घरून मागवून घेतली आणि माझ्याच टेबलावर बेरीज दोनदा करून पाहिली.