लेन्स, पापणी आणि रांजणातील पाणी

माजलगावच्या एका सुविद्य कुटुंबातून आमच्याकडे प्रश्न आला आहे. पुण्यास शिक्षणासाठी राहणारी नात दिवाळीस घरी आली, की तिच्या पापण्या खाजतात, सकाळी डोळ्यांत चिकट तार येते व लेन्स जागेवर ठरत नाही. हा दोष गावच्या हवेचा की लेन्सचा, असे तिचे आजोबा विचारतात. डोळा पाहिल्यावाचून निदान करणे योग्य नव्हे. परंतु ह्या लक्षणांचा अर्थ सांगता येईल.

वरची पापणी दिवसातून हजारो वेळा लेन्सवरून फिरते. अश्रूंतील प्रथिनांचा थर लेन्सवर साचतो, त्यात धूळ मिसळते, आणि त्या घर्षणाने पापणीच्या आतील अस्तरावर पुटकुळ्या उठतात. खाज, चिकट स्राव, पापणीबरोबर वर सरकणारी लेन्स ही त्याचीच चिन्हे होत. गावची धूळ त्यात भर घालते हे खरे. मूळ मात्र बहुधा फार दिवस वापरलेल्या व नीट न चोळलेल्या लेन्समध्येच असते. काही आठवडे चष्म्यावर राहावे व पुढे वैद्याच्या सल्ल्याने रोज टाकून द्यावयाची लेन्स घ्यावी, म्हणजे हा विकार सहसा आटोक्यात येतो. पापणीच्या कडेस बारीक तेलग्रंथीही असतात. त्या तुंबल्या तर अश्रू लवकर सुकतात व लेन्स टोचू लागते. तेथे स्वच्छ फडक्याचा कोमट शेक उपयोगी पडतो. मात्र लेन्स आधी काढावी. पापणीच्या आतल्या कडेस काजळ घालणाऱ्या भगिनींनी लेन्स वापरताना तरी तो मोह आवरावा.

पापणीचे दुखणे त्रासदायक असले तरी त्याने सहसा दृष्टी जात नाही. पाण्याचे तसे नाही. सिंदफणेवरील धरणाने माजलगावास पाणी दिले; पण नळ रोज येत नसेल तेथे ते टाकीत, पिंपात, रांजणात साठवावे लागते. अशा पाण्यात, मातीत, किंबहुना नळाच्या पाण्यातही अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव आढळतो. त्याच्या कवचबद्ध अवस्थेस पाण्यातील क्लोरीन सहसा मारू शकत नाही. तो बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात शिरला, तर वेदना भयंकर होतात व उपचार महिनोन् महिने चालतात. हा रोग विरळा आहे. पाश्चात्य देशांत तो मुख्यतः लेन्स वापरणारांत दिसतो. उलट हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या अनुभवात बहुतेक रोगी लेन्स न वापरणारे, डोळ्यास मार लागलेले किंवा दूषित पाणी लागलेले असे आढळले. म्हणजे तो जीव आपल्या मातीत व पाण्यात आहेच; लेन्स पाण्याने धुणारा मनुष्य त्यास आपण होऊन डोळ्यात नेतो. उकळून गाळलेले पाणीही ह्या कामी वापरू नये. लेन्स व तिची डबी केवळ त्यासाठीच्या द्रावणाने धुवावी, द्रावण रोज नवे घ्यावे, लेन्स लावून स्नान करू नये, आणि साबणाने धुतलेले हात कोरडे करूनच तिला स्पर्श करावा. मिरच्या चिरलेल्या हातांविषयी गृहिणींना आम्ही काय सांगावे!

लेन्स लावून झोपणे तर सर्वथा वर्ज्य. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यास रक्तवाहिन्या नसतात; जागेपणी तो प्राणवायू बव्हंशी हवेतूनच घेतो. मिटलेल्या पापणीखाली आधीच तो तुटपुंजा, वर लेन्सचे झाकण. झोपेत लेन्स ठेवल्याने जंतुसंसर्गाचा धोका सुमारे ६ ते ८ पट वाढतो असे मानतात.

हे सारे शहाण्या मुलीस ठाऊक असते, मग चूक होते कोठे? आमच्या मते ती आपल्याच घरांत होते. मुलगी दाखवावयाची म्हणजे चष्मा लपवावयाचा, ही रीत अद्याप पुरती गेलेली नाही. १८८८ साली फिक नावाच्या नेत्रवैद्याने काचेची लेन्स सशांच्या व स्वतःच्याही डोळ्यांवर लावून पाहिली. १९६१ साली प्राग येथे विख्तरले ह्यांनी मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांच्या यंत्रावर मऊ लेन्स घडविल्या. एवढ्या खटपटीचा उपयोग आम्ही चष्मा दडविण्यासाठी करावा! लग्नानंतर तीच मुलगी भरल्या घरात द्रावणाची बाटली ट्रंकेत ठेवते, पाहुण्यांच्या गर्दीत लेन्स काढावयास आडोसा शोधते, तो न मिळाल्यास तशीच झोपते, आणि डोळा लाल झाला तरी बोलत नाही. ही गोष्ट सासूबाईंनीच आरंभी विचारून मोकळी केली, तर सुनेस बाटलीसाठी कपाटात उघड जागा व चष्मा लावून वावरण्याची सवलत मिळेल.

डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स तत्काळ काढावी व त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. जिल्ह्यात अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. गुलाबपाणी, मध, अंगावरचे दूध डोळ्यात घालू नये. दुकानातून आपल्या मनाने स्टेरॉइडचे थेंबही आणू नयेत. त्यांनी लाली जाते, पण जंतू किंवा बुरशी आत बळावते. जाताना काढलेली लेन्स व तिची डबी न धुता बरोबर न्यावी, कारण तीतील अंशाची तपासणी करून कोणता जंतू आहे ते कित्येकदा ठरविता येते.