खिडकीतला समुद्र आणि खोलीवरचा कर

मुंबईच्या पालवा बंदरावरील ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले. त्याच्यासमोरची गेटवे ऑफ इंडियाची कमान पुरी झाली ती 1924 मध्ये. म्हणजे आधी पाहुण्यांची खिडकी आली आणि खिडकीतून दिसणारे स्मारक नंतर उभे राहिले. समुद्र मात्र या दोहोंच्या कितीतरी आधीपासून होता आणि त्या समुद्रावर पोट भरणारे कोळीही होते. आज या परिसरातील पंचतारांकित खोलीचे जे भाडे आकारले जाते ते काही केवळ गादीचे आणि न्याहारीचे नसते. समुद्राकडे तोंड असलेली खोली महाग आणि मागच्या रस्त्याकडची तुलनेने स्वस्त, या एकाच गोष्टीवरून विकले काय जाते ते स्पष्ट व्हावे. कमान, बंदर आणि क्षितिजावरची घारापुरी ही सारी जनतेची मालमत्ता आहे. तिची देखभाल जनतेच्या पैशातून होते. तिच्या दर्शनाचे मोल मात्र खाजगी तिजोरीत जमा होते.

या खिडकीतून दिसणाऱ्या घारापुरीची कथा बोलकी आहे. तेथील लेणी 1987 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. जगभरचे प्रवासी गेटवेहून लाँचने तासाभरात तेथे पोचतात. परंतु राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या बेटावरील तीन वस्त्यांना विजेची नियमित जोडणी मिळण्यास फेब्रुवारी 2018 उजाडावे लागले. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकली गेली तेव्हा कुठे स्वराज्याच्या एकाहत्तराव्या वर्षी तेथील घरांत दिवे लागले. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटरवर भागवले जात होते. पंचतारांकित खिडकीत बसलेल्या प्रवाशाला तो अंधारही बहुधा रम्यच वाटला असेल.

शासनाची दृष्टी कोठे आहे हे कळण्यासाठी करांचा हिशेब पाहावा. वस्तू व सेवा कर 2017 मध्ये आला तेव्हा दिवसाला 1,000 रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर कर नव्हता आणि 7,500 रुपयांवरील खोलीवर 28 टक्के कर होता. गरिबाला सूट आणि चैनीला भार, हे तत्त्व त्यात निदान दिसत तरी होते. सप्टेंबर 2019 मध्ये गोव्यात भरलेल्या कर परिषदेने महागड्या खोलीवरील कर 18 टक्क्यांवर आणला. त्यानंतर 18 जुलै 2022 पासून स्वस्त खोलीची सूट काढून घेतली गेली आणि तिच्यावर 12 टक्के कर बसला. हिशेब सोपा आहे. 20,000 रुपयांच्या खोलीत उतरणाऱ्याचे एका रात्रीत 2,000 रुपये वाचले. 900 रुपयांच्या लॉजमध्ये उतरणाऱ्यावर 108 रुपयांचा नवा बोजा पडला.

सप्टेंबर 2025 च्या फेररचनेत स्वस्त खोलीवरील कर 5 टक्क्यांवर आला, हे खरे. पण मूळची पूर्ण सूट परत आली नाही. त्याच फेररचनेत काही चैनीच्या वस्तूंसाठी 40 टक्क्यांचा टप्पा ठेवला गेला, मात्र पंचतारांकित खोली त्यातून अलगद सुटून 18 टक्क्यांवरच राहिली.

यावर ठरलेले उत्तर असे की, मोठी हॉटेले परकीय चलन आणतात आणि रोजगार देतात. रोजगाराचा मुद्दा टाळण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. उलट तो त्यांनीच उचलून धरला पाहिजे. कारण हॉटेलउद्योगात साफसफाई, धुलाई, पहारा यांसारखी बारमाही कामे वाढत्या प्रमाणात कंत्राटदारांकडे गेली आहेत. कंत्राटी कामगारांविषयीचा 1970 चा कायदा 20 कामगारांपासून लागू होत असे. 2020 च्या संहितेने ती मर्यादा 50 वर नेली. खोलीतील चादर रोज बदलली जाते, पण चादर बदलणाऱ्याला आपला मालक नेमका कोण हे कळत नाही. आणि याच कामगारवर्गाने काय केले, हे मुंबईने 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री पाहिले आहे. हॉटेलांतील कर्मचाऱ्यांनी स्वतःचे प्राण पणाला लावून पाहुण्यांना वाचवले, कित्येकांनी ते गमावले. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटांवर पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत गावाकडे निघालेले कष्टकरी होते. देशाच्या स्मरणात कोरले गेले ते मात्र जळणारे घुमट.

हॉटेले पाडावीत असे कोणी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात याच ताजमहाल हॉटेलमध्ये 600 खाटांचे रुग्णालय चालवले गेले. समाजाची निकड मान्य झाली की श्रीमंतांची वास्तूही समाजाच्या कामी येऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध होते. प्रश्न आहे तो निकड कोणाची मानायची हा. परळला कर्करोगावरील उपचारांसाठी येणारे रुग्ण आजही पदपथावर पथारी टाकतात. ज्यांच्या पायात धड वहाण नसे त्या गाडगे महाराजांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एका फकिराला जे सुचले आणि साधले ते एका संपन्न राज्याला का साधू नये?

प्रवास आणि विश्रांती ही चैन नसून हक्क आहे, हा विचार समाजवादी परंपरेत नवा नाही. फ्रान्समध्ये 1936 साली लेऑं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि त्यांच्यासाठी रेल्वेची सवलतीची तिकिटे काढली. हजारो कामगार कुटुंबांनी त्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने पगारी रजा दिली. पण कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ती बहुधा कागदावरच राहते.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. 1,000 रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर पूर्णपणे रद्द व्हावा आणि महागड्या खोलीवरील वाढीव कर पुन्हा लावावा. त्या उत्पन्नातून मोठ्या शहरांत, प्रसिद्ध स्थळांच्या आणि रुग्णालयांच्या जवळ, राज्य व महापालिकांनी लोकनिवास बांधावेत. बारमाही कामे करणाऱ्या हॉटेल कामगारांना कायम करावे. स्थळांच्या आसपास विक्री करणाऱ्या फेरीवाल्यांना 2014 च्या कायद्याने दिलेले संरक्षण प्रत्यक्षात मिळावे. कार्यकर्त्यांनी हॉटेल कामगारांच्या संघटनांबरोबर बसून या मागण्या वॉर्डावॉर्डांत न्याव्यात.

गेटवेच्या कमानीतून 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिशांची अखेरची पलटण बाहेर पडली. तेव्हापासून ती कमान आणि तिच्यापुढचा समुद्र या देशाच्या सामान्य माणसाचा आहे. सोलापूरच्या विडी कामगार बाईला आपल्या मुलांसह त्या समुद्राकाठी एक रात्र सन्मानाने मुक्काम करता आला, तरच ती मालकी खरी ठरेल.