रब्बींनी जरूर बोलावे, पण कोणाचे प्रचारक होऊ नये!

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू समाजाच्या प्रार्थनामंदिरात, शब्बाथच्या प्रवचनातून रब्बीने राजकारणावर बोलावे की नाही, हा वाद अमेरिकेत दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीने तो पुन्हा पेटवला. पार्क ॲव्हेन्यू सिनेगॉगचे रब्बी इलियट कॉसग्रोव्ह यांनी 18 ऑक्टोबरच्या प्रवचनात उमेदवार जोहरान ममदानी यांचे थेट नाव घेतले. हा उमेदवार शहरातील ज्यूंच्या सुरक्षिततेला धोका आहे, असे त्यांनी सांगितले व विरोधात मत देण्याचे आवाहन केले. त्यानंतर देशभरातील हजाराहून अधिक रब्बींनी त्याच आशयाच्या पत्रकावर सह्या केल्या. त्याच शहरातील सेंट्रल सिनेगॉगच्या रब्बी अँजेला बुकडाल यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. ममदानींच्या विधानांवर त्यांनीही टीका केली, पण धर्मपीठावरून मत कोणाला द्यावे हे सांगण्यास नकार दिला. त्याबद्दल स्वकीयांचेच बोल त्यांना ऐकावे लागले.

या वादात दोन टोके आहेत. एक म्हणतो, प्रार्थनेच्या जागी राजकारण नकोच. दुसरा म्हणतो, रब्बीला काहीही बोलण्याची मोकळीक हवी. आमच्या मते ही दोन्ही टोके चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे इतिहासच सांगतो.

प्रथम मौनाचा विचार करू. 1861 साली अमेरिका यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर होती. राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी 4 जानेवारी हा राष्ट्रीय उपवासाचा दिवस जाहीर केला. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या बनाय जेशुरुन सिनेगॉगमध्ये रब्बी मॉरिस राफॉल यांनी प्रवचन दिले. अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या पदरी गुलाम होते, मग गुलामी पाप कशी, असा त्यांचा सवाल होता. दक्षिणेत गुलामाला माणूस न मानता वस्तू मानतात, ही कबुली त्यांनी दिली. तरीही गुलामीला धर्मग्रंथाची संमती आहे, हा निष्कर्ष त्यांनी सोडला नाही. गुलामांच्या मालकांनी हे प्रवचन डोक्यावर घेतले. ग्रंथात आहे म्हणून न्याय्य, हा युक्तिवाद आमच्या वाचकांना नवा नाही.

याला उत्तर दिले ते बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आईनहॉर्न यांनी. मेरीलँड हे गुलामीचे राज्य होते. तिथे राहून आईनहॉर्न आपल्या 'सिनाई' या जर्मन मासिकातून आणि धर्मपीठावरून गुलामीवर तुटून पडले. 1861 च्या एप्रिलमध्ये शहरात दंगल उसळली आणि त्यांना कुटुंबासह फिलाडेल्फियाला जावे लागले. पुढे त्यांच्या हर सिनाई मंडळीने निरोप धाडला की परत या, पण या पेटलेल्या प्रश्नांवर धर्मपीठावरून बोलू नका. आईनहॉर्न यांनी ही अट धुडकावली. नोकरी सोडली, पण जीभ गहाण टाकली नाही.

आता सुज्ञ वाचकांनीच ठरवावे. 'प्रार्थनेच्या जागी राजकारण नको' हा नियम त्या काळी लावला असता तर कोणाचे तोंड बंद झाले असते? राफॉल यांच्या प्रवचनाला त्यांच्या चाहत्यांनी धर्मच म्हटले असते. राजकारणाचा ठपका फक्त आईनहॉर्न यांच्यावर बसला असता. प्रस्थापित व्यवस्थेची बाजू घेणे हे नेहमीच धर्म ठरते आणि तिला विरोध करणे हे राजकारण ठरते. म्हणून मौनाचा नियम दिसायला तटस्थ असला, तरी त्याचे पारडे बलवानाकडेच झुकलेले असते.

मौन कोण लादतो, हेही पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या टेम्पल इमॅन्यूएलसारख्या धनाढ्य सिनेगॉगकडून स्टीफन वाइज या तरुण रब्बींना विचारणा झाली. धर्मपीठ विश्वस्त मंडळाच्या नियंत्रणाखाली राहील, असे विश्वस्तांच्या वतीने नामांकित वकील लुई मार्शल यांनी कळवले. वाइज यांनी जाहीर पत्र लिहून नकार दिला आणि 1907 साली 'फ्री सिनेगॉग' उभे केले. 1919 च्या पोलाद कामगारांच्या संपात त्यांनी मालकांवर कोरडे ओढले, तेव्हा इमारतीसाठी मिळणाऱ्या देणग्या आटल्या. रब्बीचा पगार विश्वस्त देतात आणि विश्वस्तांमध्ये कारखानदार बसलेले असतात. मग प्रवचनात राजकारण नको याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की आमच्या धंद्याबद्दल बोलू नका!

अटलांटाचे रब्बी जेकब रॉथशील्ड 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून वंशभेदाविरुद्ध प्रवचने देत होते. 12 ऑक्टोबर 1958 च्या पहाटे त्यांच्या टेम्पलमध्ये डायनामाइटचा स्फोट घडवण्यात आला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्यांनी बोलणे थांबवले नाही. 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अगोदर रब्बी योआखिम प्रिन्झ बोलले. हिटलरच्या राजवटीत ते बर्लिनमध्ये रब्बी होते. द्वेषापेक्षाही घातक असते ते बघ्यांचे मौन, हा तिथला अनुभव त्यांनी अमेरिकेसमोर ठेवला. अशा माणसांना गप्प बसवणारा नियम आम्हाला मान्य नाही.

मग दुसरे टोक बरोबर आहे काय? नाही. येथे कायद्याचा प्रश्न येतो. 1954 साली सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी अमेरिकेच्या करकायद्यात एक दुरुस्ती आणली. करमाफी घेणाऱ्या धर्मादाय व धार्मिक संस्थांनी निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करू नये, एवढेच ती सांगते. युद्ध, मजुरी, वंशभेद, स्थलांतरित या प्रश्नांवर बोलण्यास तिने मनाई केलेली नाही. 1992 च्या निवडणुकीत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील एका चर्चने बिल क्लिंटन यांच्या विरोधात वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. त्याची करमाफी काढून घेण्यात आली आणि 2000 साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती कारवाई वैध ठरवली. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण सरकारी सवलतीच्या पैशावर प्रचार करण्याचा हक्क कोणालाही नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे.

7 जुलै 2025 रोजी मात्र कर खात्याने टेक्सासच्या एका खटल्यात वेगळीच भूमिका घेतली. प्रार्थनेच्या वेळी आपल्याच मंडळीसमोर श्रद्धेच्या अंगाने उमेदवारांविषयी बोलणे हा प्रचारच नव्हे, असा अर्थ खात्याने वादींच्या संगनमताने न्यायालयापुढे ठेवला. कायद्याचे शब्द तेच होते, बदलला तो खात्याने लावलेला अर्थ. याचा परिणाम सांगायला ज्योतिषी नको. पक्षांना देणगी दिली तर करात सूट नाही, पण मंदिराला दिली तर आहे. मग पक्षांचा पैसा मंदिराच्या दारातून आत येईल आणि धर्मपीठावर उमेदवाराची पाटी लागेल. विश्वस्तांच्या दावणीतून सुटलेला रब्बी पक्षाच्या दावणीला बांधला जाईल.

न्यूयॉर्कच्या रब्बींची भीती खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. 27 ऑक्टोबर 2018 रोजी पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमलेल्या 11 जणांना गोळ्या घालण्यात आल्या. 7 ऑक्टोबर 2023 नंतर ज्यूंवरील हल्ल्यांची धास्ती वाढली. आपल्या माणसांच्या जिवाबद्दल रब्बीने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? पण ही भीती सांगणे वेगळे आणि मत कोणाला द्यावे हे सांगणे वेगळे. ममदानी निवडून आले. मतदानोत्तर पाहणीनुसार सुमारे एक तृतीयांश ज्यू मतदारांनी त्यांना मत दिले. या लोकांनी काय समजायचे? आपण आपल्याच समाजाचे वैरी ठरलो? उमेदवाराचे नाव धर्माच्या तोंडून आले की विरोधी मत हे मत राहत नाही, ते धर्मद्रोह होते. शिवाय निवडून आलेल्याला धर्मपीठाने एकदा आपला म्हटले की उद्या त्याला जाब विचारणार कसा? संदेष्टा नाथान याने दावीद राजाला तोंडावर दोषी ठरवले, कारण तो राजाचा प्रचारक नव्हता.

एक प्रश्न उरतो. आईनहॉर्न यांना मोकळीक द्यायची तर राफॉल यांनाही द्यावी लागते. होय, द्यावी लागते, आणि ती किंमत मोजण्यासारखी आहे. यावर उपाय ऐकणाऱ्याच्या हक्कात आहे. मध्ययुगीन युरोपातील अश्केनाझी ज्यूंमध्ये एक विलक्षण प्रथा होती. न्याय न मिळालेला साधा माणूस सिनेगॉगमध्ये उभा राहून तोराचे वाचन थांबवू शकत असे, आणि त्याची तक्रार ऐकेपर्यंत प्रार्थना पुढे जात नसे. प्रवचनाला मात्र आज कोणी मध्येच उत्तर देऊ शकत नाही. ज्या धर्मपीठावरून राजकारण बोलले जाईल, तिथे प्रार्थनेनंतर समोरच्यांना उभे राहून उत्तर देण्याचा हक्क असलाच पाहिजे. रब्बीने अन्यायाचे नाव जरूर घ्यावे. उमेदवाराचे नाव घेण्याचा हक्क मतदाराचा आहे आणि तो त्याच्याकडेच राहू द्यावा!