काकांच्या टीव्हीचा जीर्णोद्धार

धारवाडला माळमड्डीत माझी मावशी राहते. फोंड्याहून मोलें, अनमोड, रामनगर, अळनावर असं करत सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोहोचता येतं. लहानपणापासून जात आलोय. परत येताना लाइन बाजारातले पेढे आणायचे आणि काकांकडून, म्हणजे मावशीच्या यजमानांकडून, ऐकलेल्या गाण्याबजावण्याच्या दोनचार गोष्टी. गेल्या खेपेला पेढे घ्यायचे राहिले आणि बसमध्ये अळनावर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत गप्प बसून होतो. का, ते सांगतो.

काका हुबळीला रेल्वेत होते. (सरकारी नाव २०१४ पासून हुब्बळ्ळी झालं. आम्ही मराठी माणसं मुळातच हुबळी म्हणायचो, त्यामुळे आमचं काही अडलं नाही.) निवृत्त झाल्यावर त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि त्यात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून घेतलं. तेव्हा त्याची टूम होती. केबलची वायर कार्डात घालायची, की टीव्हीवरचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर बघता यायचा आणि साठवताही यायचा. डीडी भारतीवर जुन्या मैफली लागत, सह्याद्रीवर नाट्यसंगीत लागे. काका वेळ बघून बसत आणि टिपून घेत. पुढे तो कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडला, रेकॉर्डिंगं बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेली आणि रिमोटवर चालणारं एक सॉफ्टवेअर आलं. त्यात सगळ्या मैफली चित्रांसकट ओळीने दिसायच्या.

आता काकांची सवय अशी, की प्रत्येक रेकॉर्डिंगच्या 'माहिती' या चौकटीत ते स्वतः लिहायचे. राग कोणता, बंदिश कुठली, तबल्याला कोण, पेटीला कोण, कार्यक्रम बहुधा कधीचा. कधी एखादं वाक्य, 'इथे अंतऱ्याला बघ' असं. मराठीत लिहायचे, मधेच कानडी.

हे लिहिणं किती महत्त्वाचं, ते धारवाडची परंपरा माहीत असलेल्याला सांगायला नको. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. आधी नीलकंठबुवा मिरजकरांकडे ग्वाल्हेरची तालीम, मग अल्लादियाखाँसाहेबांचे मुलगे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे जयपूर घराण्याची. आपल्या केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर याच अल्लादियाखाँच्या शिष्या, म्हणजे गोवा आणि धारवाड गाण्यात चुलतभावंडं आहेत. या घराण्याची ओळखच मुळी अनवट आणि जोडरागांची. मैफल सुरू झाली आणि निवेदिकेचं पहिलं वाक्य टिपायचं राहिलं, की माझ्यासारख्याला राग ओळखणं अशक्य. काकांना ओळखू येतो, कधी दोन दिवस विचार करून. तो विचार त्या चौकटीत लिहिलेला होता.

मी गेलो त्या दिवशी टीव्हीवर खाली एक पट्टी येत होती: नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. काका म्हणाले, "हे महिनाभर येतंय बघ. नाही म्हटलं की जातं, परत येतं." मी ऑफिसात संगणकाच्या तक्रारी निस्तरतो, त्यामुळे घराण्यात मला या विषयातला पंडित समजतात. मी म्हटलं, "काका, असं ठेवू नये. करून टाकतो." काका 'बरं' म्हणाले आणि आत पूजेला गेले.

नवीन आवृत्ती पेनड्राइव्हवरून चढवावी लागणार होती. मशीनला मागे जागा कमी, म्हणून हार्ड डिस्कची वायर काढून तिथे पेनड्राइव्ह लावला. अपडेट झालं. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर पडद्यावर विचारलं गेलं: लायब्ररी साफ करायची का? साफसफाईला नाही कोण म्हणतो? मी 'होय' दाबलं.

जाणकारांच्या लक्षात आलं असेल. सॉफ्टवेअरने यादी काढून बघितली, तर त्यातली एकही फाइल जागेवर नाही, कारण डिस्क टेबलावर पडलेली. मग त्याने त्याच्या बुद्धीप्रमाणे ठरवलं की या फाइली गेल्या, यांच्या नोंदीही काढा. नंतर डिस्क लावली तेव्हा मैफली सगळ्या होत्या, एकही बिघडली नव्हती. काकांचं लिहिणं मात्र गेलं, कारण ते फाइलीत कधीच नव्हतं. ते सॉफ्टवेअरच्या पोटातल्या डेटाबेसमध्ये होतं. वर त्या शहाण्याने रिकाम्या चौकटी भरायला इंटरनेटवर जाऊन नावं जुळवली. 'सौभद्र'च्या शेजारी कुठल्यातरी मारधाडीच्या सिनेमाचं पोस्टर आलं. जुन्या डेटाबेसची प्रत मी घेतली नव्हती. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, कारण 'होय' मी दाबलं.

काका बाहेर आले, रिमोट घेऊन दोनचार मैफली उघडून बघितल्या. रागावले नाहीत. "गाणं आहे ना? मग असू दे," म्हणाले, आणि टीव्ही बंद केला. मावशीने मला आत बोलावून कॉफी दिली. ती जास्त लागली.

मी कारकून आहे. सरकारी फाइलीला दोन बाजू असतात. एका बाजूला आलेली-गेलेली पत्रं, दुसऱ्या बाजूला टिपणी. पत्रं जशीच्या तशी राहिली आणि टिपणीची पानं हरवली, तर ती फाइल म्हणजे कागदांचा गठ्ठा. का, कोणी, काय विचार करून, हे सगळं टिपणीत असतं. वीस वर्षं हेच करतोय, आणि तरी घरात हात घातला तेव्हा टिपणी कुठे आहे हे बघायचं सुचलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग अपडेट करूच नये का? असं म्हणणारेही आहेत, आणि ते चूक आहेत. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरचे संगणक बंद पाडले, इंग्लंडमधली सरकारी इस्पितळंसुद्धा. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घातली नव्हती ते सापडले. टीव्हीखालचा कॉम्प्युटर हाही इंटरनेटला जोडलेला कॉम्प्युटरच, त्याला कडी-कुलूप लागतंच.

माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. कुलूप बदलायला बोलावलेला सुतार घरातलं कपाटही हलवून जातो, आणि या दोन कामांना एकच नाव आहे. काकांना कुलूप हवं होतं. कपाट त्यांनी पंधरा वर्षं लावलेलं होतं. कधीकधी तर कपाटच घेऊन जातात. विंडोजमध्ये २००२ पासून टीव्हीसाठी 'मीडिया सेंटर' होतं. लोकांनी त्यावर घरची टीव्हीची व्यवस्था बसवली. २०१५ साली विंडोज १० आलं, त्यात ते नाहीच. आवृत्ती नवी, पण घरातली वस्तू कमी. ज्याला नुसतं वापरायचंय त्याच्या हातात दोनच बटणं, 'आता' आणि 'नंतर'. 'एवढंच कर, तेवढं राहू दे' असं बटण मी तरी बघितलं नाही.

आपल्या गोव्यात हे ओळखीचं आहे, फक्त त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. किती देवळांतले लाकडी कोरीव खांब गेले, चुन्याच्या भिंतीवरची तांबडी कावी चित्रं खरवडली गेली आणि बाथरूमला शोभतील अशा टाइल्स आल्या! कुणीही वाईट मनाने केलं नाही. समितीत माझ्यासारखाच एखादा हुशार भाचा असणार. आणि जुनं ठेवून नवं बळकट करता येत नाही असंही नाही. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. सरकारने अलीकडे डागडुजी करून ते देऊळ २०२३ मध्ये पुन्हा खुलं केलं, आणि तिथे गेलं की आपण त्याच देवळात आलोय हे कळतं. काम करण्याआधी तिथे काय आहे हे कुणीतरी बसून लिहून काढलेलं असलं पाहिजे, एवढं कारकून म्हणून मी सांगू शकतो.

काकांच्या टीव्हीलाही आधी तेवढंच लागत होतं. डेटाबेसची प्रत घ्यायला दहा मिनिटं लागली असती. त्याहून बरा मार्ग मला नंतर समजला. कोडी, जेलीफिन अशी घरच्या टीव्हीसाठीची जी सॉफ्टवेअरं आहेत, ती 'एनएफओ' नावाची एक छोटी मजकुराची फाइल वाचतात. मैफलीच्या फाइलीशेजारी त्याच नावाने ती ठेवायची आणि माहिती तिच्यात लिहायची. ती कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर उघडते. उद्या सॉफ्टवेअर बदललं, कंपनीने बंद केलं, भाच्याने 'होय' दाबलं, तरी लिहिलेलं डिस्कवर मैफलीच्या शेजारीच राहतं. ज्यांच्या घरी आजोबांनी, काकांनी असं काही जमवून ठेवलंय, त्यांनी आधी हे बघावं, मग अपडेटचं. आणि हे काम करताना त्या माणसाला पूजेला जाऊ देऊ नये, शेजारी खुर्चीवर बसवावं.

आता दर रविवारी सकाळी काकांचा फोन येतो. ते तिकडे एक मैफल लावतात, ऐकतात आणि सांगतात, मी इकडे फोंड्याला टाइप करतो. कॅसेटच्या काळातलं त्यांच्या वहीत आहे, ते सोपं गेलं. टीव्हीवरून घेतलेलं वहीत नाही, ते परत ऐकूनच लिहावं लागतं. निम्म्याहून कमी झालंय. गेल्या रविवारी एका मैफलीवर अडलो. राग त्यांनी ठरवला, पेटी ओळखली. तबल्याचं कोण ते ठरेना. कॅमेरा त्या माणसाकडे एकदाच वळतो आणि तेवढ्यात पुढच्या कार्यक्रमाची पट्टी येते. काकांनी चारदा मागे नेऊन बघितलं. ते नाव आपण लिहिलं होतं, हे त्यांना पक्कं आठवतं. नाव आठवत नाही.